वचनाला जागलेले जीवन : पंडिता रमाबाई

माझे बालपण बऱ्हाणपुरास गेले. तापीच्या काठावरील हे जुने शहर मध्य प्रदेशात असले तरी आमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी-उर्दू आणि घरात खानदेशी वळणाची मराठी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. आमचे घर ख्रिस्ती. रोज रात्री जेवणे झाली की आजी कंदिलाची वात मोठी करी आणि मला पवित्र शास्त्रातील एक अध्याय मोठ्याने वाचावयास सांगे. आजीला अक्षरओळख नव्हती. पण तिच्यापुढे वाचणे ही सोपी गोष्ट नव्हती. एखादा जड शब्द आला की ती मला तेथेच थांबवी आणि त्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. अध्याय संपला की तिचा एक ठरलेला प्रश्न असे. यातले उद्या काय करावयाचे, असे ती विचारी. मला त्या प्रश्नाचा फार कंटाळा येई. वाचून झाले म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. रविवारच्या शाळेत वचने पाठ म्हणून दाखविल्याबद्दल मला बक्षिसेही मिळाली होती. मग उद्याचा प्रश्न कशाला?

पुढे महाविद्यालयात आल्यावर पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचनात आले, आणि आजीच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला हळूहळू उमगू लागला. रमाबाईंविषयी आपण बहुतेक सर्वांनी थोडेफार ऐकलेले असते. थोर संस्कृत पंडिता, विधवांची कैवारी, शारदा सदनाची संस्थापिका, अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात असते. परंतु त्यांच्या सगळ्या आयुष्यातून एक धागा सलग गेलेला आहे आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो धागा म्हणजे वचनाचा. पवित्र शब्द नुसता ऐकावयाचा, की तो समजून घ्यावयाचा आणि तसे वागावयाचे, हा प्रश्न त्यांना लहानपणापासून पडला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता त्या गंगामूळच्या अरण्यापासून केडगावच्या माळापर्यंत येऊन पोचल्या. आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. रमाबाईंचे जीवनही या दोन भाषांच्या सीमेवरच उगवले, म्हणून त्यांची कथा येथे सांगावी असे मला वाटले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकात, झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कारकळ भागातील माळहेरंजीचे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न शास्त्री. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते, आणि ते नुसते मत नव्हते. आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः संस्कृत शिकविले. यावरून विद्वानांत मोठा गदारोळ झाला आणि उडुपी येथील धर्मसभेत त्यांना आपल्या वागण्याचे शास्त्राधाराने समर्थन करावे लागले. नंतर ते गंगामूळच्या रानात आश्रम बांधून राहिले. तेथेच रमाबाई जन्मल्या. त्या काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने ते रान सोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली. पुढील कितीतरी वर्षे त्या घराला घर असे उरलेच नाही.

उपजीविकेचे साधन एकच, पुराण सांगणे. देवळात, नदीच्या घाटावर, झाडाखाली बसून ग्रंथ वाचावयाचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा. आईने रमाबाईंना पहाटे उठवून मुखपाठ करून घेतला. बारा वर्षांच्या होईपर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना येऊ लागले होते. पुढे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, हे पुराणवाचन ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना संस्कृत कळत नसे. ऐकल्याने पुण्य लागते एवढीच त्यांची श्रद्धा. अर्थ सांगण्याची गरज वाचणाऱ्याला वाटत नसे आणि विचारण्याची गरज ऐकणाऱ्याला वाटत नसे. लहानपणी पाहिलेले हे दृश्य त्या कधीही विसरल्या नाहीत. येथे कोणा एका धर्माला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. रविवारच्या शाळेत मी जी वचने धडाधड म्हणत असे त्यांचा तरी मला कितीसा अर्थ कळत होता?

मग १८७४ ते १८७७ चा काळ आला. दक्षिणेत दुष्काळ पडला. कष्टाची कामे करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते, जवळचे सर्व संपलेले, अशा अवस्थेत हे कुटुंब झाडपाल्यावर दिवस काढीत राहिले. १८७४ मध्ये वडील गेले. त्यामागोमाग आई गेली आणि नंतर थोरली बहीण कॉलऱ्याने गेली. उरली ती रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री. या दोघा भावंडांनी सुमारे चार हजार मैल पायपीट केली. उत्तरेस काश्मीरपर्यंत आणि पूर्वेस बंगालपर्यंत ती गेली. सर्व व्रते केली, सर्व तीर्थे पाहिली. देवाचे म्हणून जे जे सांगितले होते ते ते पाळले, तरी मनाला शांती लाभली नाही, असे पुढे त्यांनी कबूल केले आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे पांडित्य पाहून तेथील विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच शहरात दोन ग्रंथ त्यांच्या हाती आले. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास दिले. वेद स्त्रियांनी वाचू नयेत असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, त्यामुळे प्रथम त्यांना संकोच वाटला, पण मग त्यांनी वाचले. दुसरा ग्रंथ म्हणजे संस्कृतात भाषांतरित केलेले बायबल. ते त्यांना ख्रिस्ती मंडळींनी दिले. गंमत अशी, की ज्या बायबलापायी त्यांनी पुढे सर्वस्व वेचले ते पहिल्या भेटीत त्यांना मुळीच रुचले नाही. त्यातील संस्कृत त्यांना परके वाटले, विषय अनोळखी वाटला, आणि ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे वाटून त्यांनी ते बाजूला ठेवले. मात्र टाकून दिले नाही. भाषांतर चांगले नसेल तर वचन हृदयापर्यंत पोचत नाही, हा धडा त्यांना येथेच मिळाला असला पाहिजे.

१८८० मध्ये ढाका येथे श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. समाजाने दोघांनाही वाळीत टाकले. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार थाटला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. येथेच पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. हे मात्र त्यांना समजले, आवडलेही. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबूंना कॉलऱ्याने गाठले आणि तेविसाव्या वर्षी, पदरात दहा महिन्यांची मुलगी असताना, रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास परतल्या. न्यायमूर्ती रानडे, रमाबाई रानडे आदींच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे निक्षून सांगितले. वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचा मार्ग पुढे बंदच झाला.

या आश्रमात एक प्रसंग घडला. या भगिनींनी लंडनमध्ये फुलहॅम येथे एक गृह चालविले होते. वाट चुकलेल्या, समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवीत. रमाबाई तेथे गेल्या आणि आश्चर्यचकित झाल्या. अशा स्त्रियांना जवळ घेणारे कोणी असते हेच त्यांना नवीन होते. असे का करता म्हणून त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. येशू त्या स्त्रीशी कसा बोलला हे त्यांनी ऐकले आणि वचनाचा आणि समोरच्या गृहाचा संबंध त्यांच्या ध्यानात आला. कलकत्त्यास हातात पडलेला ग्रंथ आणि फुलहॅमला पाहिलेला ग्रंथ एकच होता. पण फुलहॅममध्ये तो आचरणात उतरलेला दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली असे मात्र नव्हे. पुढील दोन-तीन वर्षे आश्रमातील भगिनींशी आणि इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. तो आज छापलेला उपलब्ध आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, चमत्कार, चर्चची सत्ता, प्रत्येक विषयावर त्या प्रश्न विचारीत होत्या. देवाचे वचन मी स्वतः वाचीन, माझ्या सदसद्विवेकबुद्धीला जे पटेल ते मानीन, कोणी सांगितले म्हणून मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. धर्ममार्तंडांची एक सत्ता सोडून दुसरी पत्करावयास त्या तयार नव्हत्या. या पत्रव्यवहारात एक वाद क्रूसावरील अक्षरांचा आहे. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस त्यांना पसंत पडेना. अक्षरे कोरावयाचीच तर संस्कृतात का नकोत, लॅटिन आमच्या देशभगिनींना समजणार कशी, असा त्यांचा मुद्दा होता. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, आपल्याच देशाचा पोशाख त्यांनी ठेवला.

हा क्रूसाचा वाद वाचताना मला आमच्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीची आठवण झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतान आदिलशहाने ती बांधली. तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. लहानपणी मी तो पाहिला, पण त्यात विशेष काही वाटले नाही. आपल्या प्रार्थनास्थळात आपल्या भूमीची भाषा असावी असे त्या सुलतानाला वाटले, आणि तीनशे वर्षांनी एका मराठी बाईला इंग्लंडमध्ये त्याच गोष्टीसाठी भांडावे लागले.

१८८६ मध्ये रमाबाई डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याने सारी अमेरिका हलली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. १८९० मध्ये सदन पुण्यास आले.

शारदा सदनात धर्मप्रसार करावयाचा नाही असे ठरले होते. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून करीत, आणि मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागताच १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. केसरीने झोड उठविली. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले. येथे दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. मुलींना ज्या भरवशावर पाठविले तो मोडला असे पालकांना वाटले, त्यात अस्वाभाविक काही नव्हते. रानडे आणि भांडारकर हे तर रमाबाईंचे हितचिंतकच होते. दुसरीकडे, मी माझा देव लपवून ठेवू शकत नाही, दार लावून प्रार्थना करू शकत नाही, असे रमाबाईंना वाटत होते. वचन पाळावयाचे म्हणजे कधी कधी मित्र गमवावे लागतात. रमाबाईंनी ते गमावले. या दुःखाची किंमत कमी लेखून चालणार नाही.

याच सुमारास त्यांच्या अंतरंगातही एक घडामोड झाली. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला खरा, पण ख्रिस्त अजून मिळाला नाही, असे त्यांना १८९१ च्या सुमारास तीव्रतेने जाणवले. आठ वर्षे ख्रिस्ती म्हणवून घेतल्यावर, जगभर कीर्ती झाल्यावर, असे स्वतःशी कबूल करणे सोपे नाही. त्यांनी बायबल पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतले. पूर्वी त्या वाद घालण्यासाठी वाचीत, आता आज्ञा ऐकण्यासाठी वाचू लागल्या. त्यांच्या पुढील आयुष्याची सारी दिशा या वाचनाने ठरविली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आमचे बऱ्हाणपूर तेव्हा याच मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात होते. बातम्या वाचून रमाबाईंना आपला वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवला. त्या काळी आपल्यासारख्या एका मुलीला कोणी हात दिला असता तर काय झाले असते, हे त्या जाणून होत्या. उपाशी मुलींना फसवून पळवून नेणारी माणसे दुष्काळी भागात फिरत होती. हाती पैसा नव्हता, पुण्यातील जागा अपुरी होती. तरी त्या स्वतः निघाल्या, मध्य प्रांतात हिंडल्या, आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, केसांत उवा, मनात भय. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू होते, म्हणून या मुलींना केडगावच्या माळावर न्यावे लागले. तेथे त्यांनी काही वर्षांपूर्वी शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती.

मध्य प्रांताच्या उत्तर भागातून पुण्याकडे यावयाचे तर आगगाडी इटारसी, खंडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ, मनमाड अशी येते. सुटीत घरी जाताना मी याच मार्गाने जातो. लालबागच्या आमच्या स्टेशनात गाडी थांबली की त्या डब्यांतील मुली डोळ्यांपुढे येतात. त्या मुलींना दुष्काळाच्या तोंडातून काढणारी बाई कोणी अधिकारी नव्हती, श्रीमंतही नव्हती. भुकेल्याला अन्न द्यावे, परक्याला घरात घ्यावे, असे तिने एका ग्रंथात वाचले होते आणि ते तिला उद्याच्या उद्या करावयाचे काम वाटले, एवढेच.

१८९८ मध्ये केडगावला मुक्ती सदनाची कोनशिला बसली. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळातूनही मुली आल्या आणि आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. विहिरी खणल्या, शेती केली, गाईम्हशी पाळल्या. मुलींना विणकाम, शिवण, तेल काढणे, दळणकांडण, छापखान्याचे काम असे उद्योग शिकविले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमच्या त्या गृहाची आठवण रमाबाईंनी सोळा वर्षे जपून ठेवली होती, असेच म्हणावे लागेल. सरकारच्या पुढेही त्या दबल्या नाहीत. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वर्तमानपत्रात उघड तक्रार केली.

आता त्यांच्या शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या कामाकडे येतो. मराठीत बायबल यापूर्वी होते. सिरामपूरला विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली नवा करार १८११ मध्ये छापला गेला होता, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांच्या श्रमाने १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आले होते. पण केडगावच्या मुलींना ती भाषा जड जाई. संस्कृत शब्दांची रेलचेल, त्यातून जुन्या पुराणकल्पनांशी जोडलेले शब्द, यांमुळे अर्थ एक आणि समजूत दुसरीच, असे होई. म्हणून १९०४-०५ च्या सुमारास, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास घेतले. त्यांनी या भाषा शिकण्यासाठी मराठीतून साधनेही तयार केली. ज्या बाईची संस्कृतवर हुकमत अशी की काशी-कलकत्त्याचे पंडित माना डोलावीत, तिने शब्दाशब्दाला संस्कृत बाजूला सारून खेड्यातील बाईच्या तोंडचा शब्द शोधावयाचा, हा केवढा त्याग! गरुडाने पायी चालण्यासारखेच ते होते.

हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. आश्रमातील स्त्रियांनीच खिळे जुळविले, मुद्रिते तपासली, यंत्रे चालविली. ज्या मुली दुष्काळातून मरता मरता आल्या होत्या त्यांच्या हातून हा ग्रंथ छापला जात होता. बाहेर जबाबदाऱ्या वाढत होत्या. १९१३ च्या सुमारास मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास शांती सदन ही शाळा सुरू केली, आणि आईचे काम पुन्हा एकदा कन्नड मुलखात पोचले. आपल्या मागे मुलगी सर्व सांभाळील अशी आईची आशा होती. पण २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आई, वडील, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक मुलगी! रमाबाई पुन्हा मुद्रितांपुढे बसल्या. असे सांगतात की, शेवटची पाने पुरी होईपर्यंत आयुष्य द्यावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती पुरी झाल्यावरच त्यांनी डोळे मिटले. तो दिवस ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.

या भाषांतराला मंडळींनी डोक्यावर घेतले का? नाही. मूळ शब्दाला धरून चालण्याच्या आग्रहामुळे त्यातील भाषा ठिकठिकाणी रूक्ष झाली आहे असे जाणकार म्हणतात, आणि चर्चमधून बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. रमाबाईंचे समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी वेगळी वाट धरली होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत, आणि संतांचे शब्द, अभंगाचा ठेका त्यांनी ख्रिस्ती भक्तीत आणला. मराठी मनाला टिळकांची गीते अधिक जवळची वाटली. मलाही वाटतात. एकाने जुने शब्द आपलेसे केले, दुसरीने ते गाळून टाकले. दोघांचा हेतू मात्र एकच, की वचन मराठी माणसाच्या घरात शिरावे. तेव्हा रमाबाईंच्या कामाचे मोल किती प्रती खपल्या यावर ठरविणे बरोबर नाही.

कित्येक विद्यार्थिमित्र मला विचारतात की, ग्रंथाची आज्ञा पाळणे म्हणजे एक प्रकारची गुलामगिरीच नाही का? आपण शिकलेली माणसे, आपण आपल्या बुद्धीने चालावे. प्रश्न रास्त आहे. ग्रंथाचा आधार घेऊन माणसांना दाबून ठेवल्याची उदाहरणे सर्व धर्मांत, आमच्याही धर्मात, हवी तितकी आहेत. पण रमाबाईंकडे पाहावे. त्यांनी वचनाला मान दिला म्हणून त्या कोणापुढे वाकल्या नाहीत. उडुपीच्या धर्मसभेपुढे उभे राहणाऱ्या बापाची ती मुलगी. इंग्लंडच्या धर्माधिकाऱ्यांना, पुण्याच्या पुढाऱ्यांना, सरकारला, सर्वांना तिने प्रश्न विचारले. ज्या कोणाला वचन आवडते तो ते आधी समजून घेतो, आणि समजले की त्याला हात-पाय हलवावे लागतात. याकोबाच्या पत्रात, वचन ऐकून तसे न वागणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरून जाणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. ही उपमा मला माझ्या बक्षिसांच्या संदर्भात फार झोंबते.

बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा म्हणून मोगल काळातील एक पाण्याची योजना आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहराकडे आणलेले आहे, आणि वर शंभराहून अधिक कुंड्यांची रांग आहे. वरून पाहणाऱ्याला नुसती विटांची तोंडे दिसतात. आत वाकून पाहिले तर स्वच्छ पाणी वाहते आहे. आजी मला तेथे घेऊन गेली होती. पाणी आहे एवढे कळून तहान भागत नाही, पोहरा सोडावा लागतो, असे काहीसे तेव्हा ती बोलली होती. माझे लक्ष नव्हते.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. शेवटच्या आजारात तिच्यापुढे वाचावयास मी बसलो असता तिने नेहमीसारखे थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला. मला तो सांगता आला नाही. मी पदवीधर होतो, तरी सांगता आला नाही. मी तसेच पुढे वाचत गेलो आणि ती काही बोलली नाही. अध्याय संपल्यावर तिने उद्याचा प्रश्नही विचारला नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते. रमाबाईंनी अठरा वर्षे कोणासाठी घालविली हे मला त्या रात्री कळले. माझ्या आजीसारख्या बायकांसाठी.

केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंच्या नावे टपाल तिकीट काढले. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी एकदा पुणे-दौंड मार्गावरील केडगावला अवश्य उतरावे. ज्याचा जो धर्मग्रंथ असेल तो त्याने आपल्या घरी उघडावा, एक पान समजून वाचावे, आणि मग माझ्या आजीचा प्रश्न स्वतःला विचारावा. मी तो आता रोज रात्री विचारतो. उत्तर रोज देता येतेच असे नाही.